भीमाअक्कांचा गंधार

पेट्या दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. पेट्या म्हणजे हार्मोनियमच्या पेट्या, हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना मी ट्रंका दुरुस्त करतो असं वाटलं होतं आणि लग्न जवळजवळ मोडलं होतं. जळगावच्या नव्या पेठेत माझं दुकान होतं. दुकान कसलं, दोन फळ्या, एक खिडकी आणि आत मी. भुसावळपासून साक्रीपर्यंत ज्याची पेटी बसली तो माझ्याकडे यायचा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका भजनी मंडळाच्या पेटीतून सूर निघेना म्हणून उघडली, तर भात्यात उंदरीण बाळंत झालेली. मंडळाचे प्रमुख म्हणाले, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत दुरुस्ती करू नका, पाप लागेल. पंधरा दिवस पेटी तशीच दुकानात, आणि मंडळ टाळ कुटत बसलं. एक कापसाचे व्यापारी तर पेटी घेऊन धावत आले. दुसऱ्या दिवशी मुलीला दाखवायचं होतं आणि मुलीला एकच पद येत होतं. त्यांनी मला त्या पदाला लागतात तेवढ्याच सात पट्ट्या बोटाने दाखवल्या. म्हणाले, "एवढ्याच चालू करा, बाकीच्या लग्नानंतर बघू." लग्न झालं. बाकीच्या पट्ट्यांसाठी ते कधीच आले नाहीत.

असल्या गोष्टी सांगायला मला आवडतं, कारण त्यात मी शहाणा असतो. आज मात्र सांगणार आहे ती ज्यात मी मूर्ख ठरलो ती. एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची गोष्ट असेल.

त्याआधी धंदा थोडा समजावून सांगतो. पेटीत दोन गोष्टी महत्त्वाच्या, भाता आणि सूर. भाता वारा देतो. सूर म्हणजे पितळेचा बोटाएवढा पत्रा, त्याच्यात एक फट, आणि त्या फटीवर एका टोकाला जखडलेली पातळ जीभ. वारा आला की जीभ थरथरते आणि आवाज निघतो. ही जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. बस, एवढंच आमचं शास्त्र. कानस कुठे आणि किती चालवायची, हे कळायला मात्र दहा वर्षं जातात. पेटीचे बारा सूर कारखान्यातून येतात ते विलायतेच्या हिशोबाने, सगळे सारख्या अंतरावर. त्यामुळे कोणत्याही पट्टीला सा मानून गाता येतं. पण आपले गवई म्हणत, पेटीचं कुठेही भागतं आणि पुरतं कुठेच जुळत नाही. त्यातही गंधार सर्वांत वाईट, तानपुऱ्याच्या मानाने चढा.

मला त्या गवयांचा राग यायचा. माझ्याकडे एक मापाची पेटी होती, मुंबईहून जुळवून आणलेली. दुरुस्तीला आलेल्या पेटीचा प्रत्येक सूर मी तिच्या सुराशेजारी वाजवून बघायचो. दोन्ही सुरांत लाटा उठल्या, म्हणजे आवाज हेलकावू लागला, की कानस चालवायची, लाटा थांबल्या की सूर लागला. पांढरी एकपासून, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून सुरुवात, शेवटच्या पट्टीपर्यंत. खानदेशात माझ्यासारखा कान कोणाचा नाही असं लोक म्हणायचे, आणि मीही त्यांना अडवत नव्हतो.

चैत्राच्या तोंडाला शिंदखेड्याहून एक शेतकरी पेटी घेऊन आला. तिशीचा गडी, डोक्यावर पटका, नाव भगवान. पेटी त्याच्या आत्याची, भीमाअक्कांची. त्याने पेटी फळीवर ठेवली आणि पाठ केल्यासारखं बोलला, "अक्कानी सांगेल शे, नुसता भाता करी द्या. सुरेसले हात लावू नका."

"बरं बरं," मी म्हणालो.

सुरांना हात लावू नका, असं खेड्यातली माणसं म्हणतातच, मला वाटलं. काम वाढलं की मजुरी वाढते. पेटी जुनी होती, एका नाटक कंपनीची. ती कंपनी धुळ्याला मोडली तेव्हा अक्कांच्या वडिलांनी पेटी आणि तानपुरा दोन्ही विकत घेऊन घरी आणले होते, असं भगवान सांगत होता. भात्याचं कातडं फाटलं होतं ते मी दोन दिवसांत बदललं. मग सवयीने पांढरी एकपासून सूर बघत गेलो, आणि कपाळाला हात लावला. गंधार उतरलेला, धैवत उतरलेला, निषाद उतरलेला. काही कोमल सूर चढलेले. जिभांच्या मुळाशी कोणीतरी वेडंवाकडं खरवडलेलं. बाईमाणसाची पेटी, पोरासोरांनी खेळ केला असणार. मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय, पण आपल्या हातून पेटी गेली तर नीट जाऊ दे. आणि सगळे सूर मापाच्या पेटीला लावून टाकले. त्याची वेगळी मजुरीही धरली नाही. इतका मी उदार झालो होतो.

एक गोष्ट दिसली होती ते कबूल करतो. काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, बोटांनी झिजून खोलगट झाली होती, बाकीच्या तेवढ्या नव्हत्या. म्हणजे ही पेटी कायम काळी एकला सा मानून वाजत होती. मी काळी एकचा सा धरून एकदा गंधार ऐकला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी ऐकला नाही.

नरडाण्याच्या शाळेची पेटी बघायला जायचंच होतं, म्हणून अक्कांची पेटी मीच घेऊन निघालो. नरडाण्याचं काम उरकून पुढे शिंदखेड्याला उतरलो. घर शेतकऱ्याचं, पडवीत सरकीची पोती रचलेली. भीमाअक्का पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, हाताला राठ. लहानपणीच वैधव्य आलं आणि माहेरी आल्या, तेव्हापासून भावाच्या शेतात राबत होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, गूळ दिला, आणि लगेच तानपुरा मांडीवर घेतला. पेटी मी उघडून ठेवली. शाबासकी घ्यायला तयार होऊन बसलो होतो.

त्यांनी एका हाताने तानपुरा छेडला, दुसऱ्या हाताने गंधारावर बोट ठेवलं. भगवान भाता हलवत होता. दोन क्षण गेले. मग बोट उचललं गेलं आणि हात मांडीवर येऊन पडला.

"दत्तूभाऊ, सुरेसले हात लावा का तुम्ही?"

"हो अक्का," मी हसत म्हणालो, "पाच-सात सूर फार हलले होते. सगळे सरळ करून दिले. त्याचे वेगळे पैसे नकोत."

"हाऊ गंधार मना नही."

हा गंधार माझा नाही, एवढंच म्हणाल्या, आवाज चढला नव्हता. त्या ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्यांनी मला जवळ बसवलं आणि तानपुरा छेडत राहिल्या. "आयका. खरजनी तारमा काय आयकू येस?"

तानपुऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. तार गंधाराची नसते, तरी येतो. मी हे पुष्कळदा ऐकलं होतं आणि तेवढ्यावरच सोडून दिलं होतं. अक्कांनी आता पेटीचा गंधार दाबला. तो तारेतल्या गंधाराच्या अंगावर ओरखडा काढत गेला. मापाच्या पेटीचा, माझा, अगदी बरोबर गंधार. 

अक्का आत गेल्या आणि एक पुरचुंडी घेऊन आल्या. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मोडक्या पितळी जिभा होत्या, कोणी मुळाशी तुटलेली, कोणी चिरलेली. "हाऊ गंधार करता करता नऊ सूर मोडनात," त्या म्हणाल्या. शेतातून आल्यावर रोज तानपुरा लावायचा, त्यात सूर ऐकायचा आणि मोडक्या चाकूच्या टोकाने पेटीतली जीभ तेवढी खरवडायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. शिकवायला कोणी नव्हतं. बाईने पेटी वाजवायची हेच गावाला नवं, मग पेटीचे सूर बाईने लावायचे हे कोणाला सांगणार? पेटीला तानपुऱ्याचा गंधार देणारं माणूस आमच्या मुलखात तोवर झालं नव्हतं. आणि ते माणूस माझ्यासमोर बसलं होतं, मी त्याचं काम कानशीने पुसून टाकलं होतं.

खरा घोटाळा पुढेच होता. चार दिवसांनी रामनवमी होती. धुळ्याच्या एका देवळातल्या उत्सवात एका मोठ्या बुवांचं सकाळचं गाणं होतं. ते पेटी साथीला घेत नसत, सारंगीच घेत. पेटीला ते सुरांचा खाटीक म्हणत. आदल्या वर्षी अक्का गर्दीतून त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या की माझ्या पेटीचा गंधार तुमच्या तानपुऱ्याला मिळतो. लोक हसले. बुवा मात्र म्हणाले, पुढच्या वर्षी घेऊन या. मिळाला तर साथीला बसा, नाही मिळाला तर पेटी विहिरीत टाका. बुवांचा सूरही काळी एकच. अक्का वर्षभर त्या सकाळची वाट बघत होत्या.

"अक्का, चुकलं माझं," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी लपवलं नाही.

"चुकनं ते चुकनं. रडाले येळ नही. कानस लयनात का?"

कानस आणली होती. पिशवीत ती कायम असते. मी जळगावला निरोप धाडला की चार दिवस येत नाही, आणि पडवीतच पथारी टाकली.

काम असं चाले. अक्का तानपुरा छेडत. मी सूर पेटीतून काढायचा, मुळाशी दोन हात मारायचे, परत बसवायचा. भगवान भाता हलवी. अक्का डोळे मिटून म्हणत, "आजून." पुन्हा काढायचा, पुन्हा बसवायचा. "आजून." मग एकदम हात वर करून, "थांबा." पहिल्या दिवशी सात सूर झाले. मी माझ्या मापाच्या पेटीशिवाय सूर लावत होतो, असं आयुष्यात प्रथमच. सुरुवातीला मला त्यांच्या "आजून" आणि "थांबा" यांत फरकच ऐकू येत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी एका धैवताला त्यांच्या आधी माझ्या तोंडून "थांबा" निघालं. अक्कांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि फुनक्यांचं, वाटलेल्या डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांचं, ताट पुढे सरकवलं. एवढंच. पण कढी-फुनके इतके गोड मला पुन्हा कधी लागले नाहीत.

मधल्या सप्तकाचा गंधार मी शेवटी ठेवला होता. भीतीने. त्या जिभेचं मूळ अक्कांनी वर्षानुवर्षं खरवडलेलं, टोक मी घासलेलं. आता मुळाशी आणखी कानस लावली तर ती तुटणार, आणि तसा दुसरा सूर घडवायला आणखी दहा वर्षं लागली असती. मी भिंगातून बघितलं तर मुळाशी केसासारखी रेघ दिसली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणा मी आणि बैल अक्कांचा.

"मुळाशी आता घासता येणार नाही," मी सांगितलं. "पण टोकावर वजन वाढवलं तरी सूर उतरतो. कथलाचा थेंब लावून बघू का? मोहरीएवढा. खर्जाच्या सुरांना आम्ही लावतो."

मला वाटलं त्या घाबरतील. त्यांचे डोळे लहान मुलीसारखे चमकले. "आस्सं बी व्हस का?"

आणि मग त्या बाईने काय करावं? गंधार बाजूला ठेवला, चुलीतले निखारे आणले आणि मला म्हणाल्या, आधी शिकवा. पुरचुंडीतल्या मोडक्या जिभांवर त्या दुपारभर कथील लावत बसल्या. थेंब मोठा झाला की खरवडायचा, लहान झाला की पुन्हा लावायचा. हात भाजला तर तो पदराला पुसायचा. तानपुरा भिंतीला टेकलेला, पेटी अर्धी उघडी, आणि मी घामाघूम.

"अक्का, परवा बैठक आहे!"

"बैठक परवा शे. हाई आज शे."

 मला वाटत होतं त्या बुवांसाठी, लोकांसाठी, हसलेल्यांची तोंडं बंद करण्यासाठी हे सगळं करताहेत. तसं असतं तर त्या दुपारी त्यांनी माझा गळा धरला असता. त्यांना सूर हवा होता, बस, आणि तो लावायची नवी तऱ्हा हाती लागली म्हणून त्या आनंदात होत्या. असं आपल्या कामावर जीव लावलेलं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं. मी पोटासाठी सूर लावत होतो, आणि थोडा कौतुकासाठी. त्या दुपारी मला माझी लाज वाटली आणि त्याचबरोबर फार बरंही वाटलं. आपण एवढं नासवूनही हे माणूस नासलं नाही, याचं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंधारावर थेंब त्यांनी स्वतःच लावला. तीन वेळा कमी केला. चौथ्यांदा बसवला तेव्हा तानपुऱ्यातला गंधार कुठे संपतो आणि पेटीतला कुठे सुरू होतो ते मला सांगता येईना. भगवान भाता सोडून उभा राहिला. "अक्का, बठ्ठं जुयनं!" तो म्हणाला. पेटीतलं त्याला काही कळत नव्हतं, तरी सगळं जुळलं हे कळलं.

रामनवमीला पहाटेच्या मोटारीने धुळ्याला निघालो. पेटी मी मांडीवर घेतली होती, खाली ठेवायची छाती नव्हती. मोटार खड्ड्यात गेली की मला वाटायचं, थेंब सुटला. अक्का खिडकीतून शेतं बघत होत्या.

देवळाच्या मंडपात माणूस मावत नव्हतं. बुवा तानपुरे जुळवून झाल्यावर म्हणाले, "कुठे आहे ती पेटी?" कोणीतरी मागे खिदळलं. अक्का पदर खोचून पुढे गेल्या, भगवानने पेटी ठेवली. मी एका खांबामागे उभा राहिलो. चोराच्या मनात चांदणे.

"गंधार द्या," बुवा म्हणाले.

अक्कांनी दिला. बुवांनी डोळे मिटले, स्वतःचा गंधार त्यात हलकेच सोडला, थांबले, पुन्हा सोडला. मग धैवत मागितला. मग निषाद.  मी देवाला काहीबाही कबूल करून बसलो होतो, ते सगळं नंतर फेडलं.

बुवांनी डोळे उघडले. "कोणी लावली ही?"

अक्का म्हणाल्या, "आम्ही दोन्हीसनी." आणि खांबाकडे हात केला.

सगळा मंडप माझ्याकडे वळला. खरं काय ते ओरडून सांगावंसं वाटलं, पण मी नुसते हात जोडले.

"डावीकडे या, बाई," बुवा म्हणाले. सारंगीवाल्यांनी सरकून जागा केली.

माझा जीव भांड्यात पडला. खांबाला टेकून मी खालीच बसलो. बुवांनी अल्हैया बिलावल गायला. बंदिशीत ते गंधारावर यायचे आणि तिथे थांबायचे, मुद्दाम थांबायचे, आणि अक्कांची पेटी त्या गंधाराखाली अशी येऊन बसायची की दर वेळी बुवा मान हलवायचे. आदल्या वर्षी हसलेले काही चेहरे मला ओळखू आले नाहीत, पण ते तिथे असणारच. दीड तास मी रडलो, बिनआवाजाचा, आणि शेजारच्या आजोबांनी मला भक्त समजून प्रसादाचा सुंठवडा दोनदा दिला.

गाणं संपलं. लोक अक्कांभोवती जमले. बायका त्यांचे हात हातात घेऊन बघत होत्या, एका पोरीने त्यांच्या पाया पडून पेटी शिकवाल का असं विचारलं, तिला त्या हो म्हणाल्या. बुवांनी स्वतः नारळ दिला. मी लांबूनच बघत होतो. आता आपली सुटका झाली, दुपारच्या गाडीने जळगाव गाठावं, असा विचार करत होतो.

तेवढ्यात अक्का गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आल्या. पेटी त्यांनी स्वतः उचलून आणली होती. देवळाच्या ओवरीत, उन्हाच्या तिरपेत त्यांनी ती खाली ठेवली आणि झाकण उघडलं.

"दत्तूभाऊ, वरना निषाद आयका का तुम्ही? बारीक चढा शे."

"अक्का," मी म्हणालो, "वरच्या निषादाचं ते बुवांनाही नाही कळलं. कोणालाच नाही कळलं."

"माले कयनं ना."

"आत्ता लावायचा? इथे?"

"मंग कवय?"

आत्ता नाही तर कधी, असं म्हणून त्या पदर सावरून पेटीपाशी बसल्या आणि हात पुढे केला. कानस मागण्यासाठी असेल असं वाटून मी ती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती परत माझ्या हातात दिली, निषादाचा सूर काढून माझ्यापुढे धरला आणि डोळे मिटले.  त्या "थांबा" म्हणेपर्यंत मी घासत, बसवत राहिलो.